नाशवंत माल आसा!

नमस्कार मंडळी. जेवणाआधी दहा मिनिटं दिलीयेत आणि विषय आहे ‘माझा आवडता मराठी शब्द’. आधीच्या लोकांनी छान छान शब्द घेतले, माहेर काय, पाऊस काय. माझा जरा विचित्र आहे, हसू नका. नाशवंत.

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो आंब्याच्या पेटीवर. आमचं घर देवगड तालुक्यात, कलमं काही फार नाहीत पण एप्रिल-मेमध्ये घरात पाय ठेवायला जागा नसायची, माजघरात पेंढ्यात पिकायला घातलेल्या आंब्यांची अढी, ओटीवर रिकाम्या पेट्या आणि मध्ये आजो ब्रश घेऊन बसलेला, प्रत्येक पेटीवर काळ्या रंगाने वाशीच्या दलालाचं नाव आणि खाली ‘नाशवंत माल’. मला वाटायचं ही आंब्याची जातच आहे. हापूस, पायरी, नाशवंत.

ट्रक यायच्या वेळेला आम्ही पोरं खेळत बसलो की आजो ओरडायचा, “गो बाये, नाशवंत माल आसा, तो काय तुझ्यासाठी थांबतलो?” आणि रात्री देवळात कीर्तनाला गेलं की बुवा सांगायचे, हा देह नाशिवंत आहे, मोह सोडा. एकच शब्द, पण बुवांचं ऐकून लोक डोळे मिटून माना डोलवायचे आणि आजोचं ऐकून सगळे धावत सुटायचे. खरं सांगते, मला आजोचा अर्थ जास्त पटलाय.

तसे या अर्थाचे शब्द आपल्याकडे ढीगभर आहेत. क्षणभंगुर फक्त श्रद्धांजलीच्या भाषणात भेटतो, घरात कोणी चहा क्षणभंगुर आहे पटकन पी असं म्हणत नाही. अनित्य हा बुद्धाच्या शिकवणीतला, पालीत अनिच्च, आमच्याकडे बौद्धवाडीत कोणी वारलं की ‘अनिच्चा वत संखारा’ म्हणतात ते लहानपणापासून कानावर आहे. अळवावरचं पाणी हा शब्दप्रयोग मात्र फक्कड, पावसाळ्यात परसात जाऊन बघा, थेंब पानावर पाऱ्यासारखा पळतो आणि पान कोरडंच राहतं.

पण अनित्य, अशाश्वत, अस्थिर हे सगळे काय नाही ते सांगतात. नाशवंत काय आहे ते सांगतो! म्हणजे बघा, धनवंत म्हणजे ज्याच्याकडे धन आहे, गुणवंत म्हणजे ज्याच्याकडे गुण आहेत, तसा नाशवंत म्हणजे ज्याच्याकडे नाश आहे. बाहेरून कोणी येऊन नाश करायला नको, आंबा झाडावरून उतरतो तोच आपला नाश सोबत घेऊन. हापूसमध्ये साका होतो ना, वरून फळ कसं सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट गठ्ठा, तेव्हा मला हा ‘वंत’ आठवतो.

याचीच घरगुती भावंडं म्हणजे नासणं, नासका, नासाडी. दूध नासलं की आई आधी कपाळाला हात लावणार आणि मग त्यातच साखर घालून आटवायला घेणार. एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो ही म्हण शाळेत वाईट संगतीबद्दल शिकवतात, आमच्याकडे ते रोजचं काम होतं, अढी उलटायची, दाबून न बघता नुसत्या वासाने नासका शोधायचा. आजी अंधारात शोधायची.

माणसांबद्दल मात्र हा शब्द बुवांशिवाय कोणी बोलत नाही. आजो गेला तेव्हा मी इथे ब्रिटनमध्ये होते, फोनवर कोणी नाशवंत म्हणालं नाही, क्षणभंगुर तर नाहीच, काका एवढंच म्हणाला, “गेलो गो.” आपण निघतानासुद्धा जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणतो, बांगडी फुटली तरी वाढवली. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहायला चालतं, घरात तोंडाने नको.

आणि धावपळ करूनही उरायचंच, तर त्याची बेगमी. मिरगाचा पाऊस लागला की आंबा संपला, पावसाळ्यात ट्रॉलर बंद म्हणजे मासळीही गेली, म्हणून मे महिन्यात आमच्या अंगणात मोकळी जागा नसायची. आंब्याच्या रसाचं वाळवलेलं साठं, फणसपोळी, सोलं, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, सगळं एका उन्हात आणि सगळ्यांवर एकच आजी काठी घेऊन, कावळे हाकत. साठाला बोंबलाचा वास लागला म्हणून घरात झालेली भांडणं मी इथे सांगत नाही.

2014 आठवतंय का? 1 मेपासून युरोपियन युनियनने फळमाशीमुळे आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, इथे ब्रिटनमध्येही हापूस नाही, आणि त्याच यादीत अळूसुद्धा होतं म्हणजे अळवावरचं पाणीही गेलं! पुढच्या सीझनला आंबा परत आला तेव्हा या हॉलमध्ये लोकांनी रांगेतच पेट्या फोडल्या होत्या. नंतर एका वर्षी पेट्या कुठल्यातरी गोदामात चार दिवस पडून राहिल्या, उघडल्या तर अर्धा माल गेलेला, आणि पेटीवर देवनागरीत ठळक ‘नाशवंत माल’ लिहिलेलं. गोदामातल्या माणसाला ते कोण वाचून दाखवणार?

असो, भूक लागलीय सगळ्यांना. यंदाच्या पेट्या मागच्या टेबलावर आल्यात, नावं बघून घ्या. घरी गेल्यावर आजच उघडा, उद्या रविवार आहे म्हणून ठेवू नका, कागद काढून मोकळे पसरा, पिकायच्या आधी फ्रिजमध्ये अजिबात घालू नका आणि एखादा नासका निघाला तर तो आधी बाजूला काढा. साठं पण आणलंय थोडं, ते संपेल बहुतेक आत्ताच.