गाडीचा उंबरा

(पहाट. इंग्लंडमधलं कोव्हेंट्री. घरामागच्या गल्लीतलं गॅरेज.)

हा आवाज ऐका. दोन लहान मोटरी गुरगुरतात आणि सपाट बॉनेटमधून दोन दिवे वर येतात. ही माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. १९८९ ते १९९७ या काळातल्या गाड्यांनाच हे उघडमिटीचे दिवे होते. पुढच्या पिढीत ते गेले.

ही गाडी १९९२ची. जपानमध्ये विकली गेली तेव्हा तिचं नाव होतं युनोस रोडस्टर. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे अशा हजारो गाड्या पुढे सेकंडहँड होऊन बोटीनं ब्रिटनला आल्या. मागची ही नंबरप्लेटची खाच बघा, आखूड आणि उंच. ब्रिटनची लांबट पट्टी इथे नीट बसत नाही. गाडी कुठून आली ते इथे कळतं.

आणि गाडीखाली ज्यांचे फक्त बूट दिसताहेत, ते माझे बाबा. पस्तीस वर्षं यंत्रशाळेत काढली. आता निवृत्त आहेत.

(संग्रहालय. जुन्या ट्रायम्फ गाड्यांची रांग.)

या शहरात स्पोर्ट्स कार म्हटलं की म्हातारी माणसं ट्रायम्फचं नाव घेतात. कोव्हेंट्रीतच, कॅनलीला, त्यांचा कारखाना होता. दोन सीटची, वर कापडी छप्पर असलेली, जमिनीला टेकून चालणारी छोटी गाडी ही इंग्रजांची खासियत. १९८० मध्ये कॅनलीतली गाड्यांची जोडणी थांबली. त्याच वर्षी अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा, म्हणजे अशाच गाड्या बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा, कारखाना बंद झाला. गाड्या होत्या, पण त्या गळायच्या, गंजायच्या, सकाळी चालू व्हायच्या नाहीत. लोकांनी त्यांच्यावर जीव लावला आणि शेवटी कंटाळून सोडल्या.

मग फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदानं ही गाडी ठेवली. समोर आदर्श होता १९६२च्या लोटस एलान या छोट्या इंग्रजी स्पोर्ट्स कारचा. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या मंडळींनी एक शब्द धरून ठेवला होता, 'जिनबा इत्ताई'. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे घोड्यावर मांड पक्की बसली म्हणतात, ते या लोकांना गाडीत हवं होतं. म्हणून गाडी एक टनाच्या आत ठेवली. इंजिन १,६०० सीसीचं, सुमारे ११५ अश्वशक्तीचं, पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे सरकवलेलं. ताकद मागच्या चाकांना.

आता बाबांनी टॉर्च मारला आहे तिथे बघा. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपर्यंत, अ‍ॅल्युमिनियमची ही लांब चौकट जाते. तिच्यामुळे दोन्ही एकमेकांना घट्ट धरून राहतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मधे काही लवत नाही, वळत नाही, पायातलं थेट चाकात जातं. ही चौकट गाडीत बसलेल्याला कधीच दिसत नाही. तरी कुणीतरी ती इतक्या निगुतीनं बनवली.

२००० साली गिनेस बुकनं हिला जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार ठरवलं. तेव्हा आकडा होता ५,३१,८९०. दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्ये हिरोशिमात तयार झाली. इतक्या बनल्या म्हणूनच आज निवृत्त कामगाराला एखादी परवडते.

(जुना फोटो. रत्नागिरी. आजोबा, पांढरी गाडी.)

ही आजोबांची प्रीमियर पद्मिनी. घरात सगळे तिला फिएटच म्हणायचे. तीही सेकंडहँड घेतलेली. समुद्राचा खारा वारा आणि वर चार महिने पाऊस. बाबा सांगतात, मागच्या सीटखालचं मॅट उचललं की रस्ता पळताना दिसायचा. मग फिटरनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, रिव्हेट मारले आणि वरून डांबर फासलं. दोन पावसाळे निघाले. तिसऱ्या पावसाळ्यात डांबराच्या आत पत्राच उरला नव्हता.

हे मुद्दाम सांगते, कारण गाडी शोधायला निघालो तेव्हा बाबांच्या डोक्यात हेच डांबर होतं.

(स्वयंपाकघर. टेबलावर लॅपटॉप, बाजूला चहा.)

इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की मागचे निकाल फुकट वाचता येतात. कुठल्या साली किती मैल झाले, काय नापास झालं, काय 'लक्ष ठेवा' म्हणून लिहिलं. बाबांनी हे वाचायला सुरुवात केली आणि संध्याकाळच्या मालिका बंद पडल्या.

या पानावर बोट ठेवलंय ते बघा. तीन वर्षं ओळीनं एकच शेरा: मागच्या चाकापुढे गंज. चौथ्या वर्षी शेरा गायब. बाबा म्हणाले, "गंज बरा होत नसतो गं. डांबर फासलंय." आम्ही गाडी बघायला गेलो. खालून काळीकुळकुळीत, नुकतीच रंगवल्यासारखी. विकणाऱ्यानं त्याचंच कौतुक सांगितलं.

(हाताचा क्लोज-अप. रुमालात गुंडाळलेलं चुंबक.)

हे आईच्या फ्रीजवरचं चुंबक, गणपतीपुळ्याहून आणलेलं. रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं. दारावर चिकटलं. मागच्या चाकाच्या कमानीवर आलं आणि सुटून खाली पडलं. म्हणजे तिथे लोखंड नाही, लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. वरून लाल रंग असा चकचकीत की तोंड दिसावं. बाबांनी आभार मानले आणि आम्ही निघालो.

अशा चार गाड्या पाहिल्या. जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाणारा माणूस आधी बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, तिथेच भाळतो. या गाडीचं इंजिन सोशिक आहे. थंड असताना वरून टकटक आवाज येतो, तो बहुतेक वेळा हायड्रॉलिक टॅपेटचा असतो, योग्य तेल घातलं की पुष्कळदा जातो. टायमिंगचा पट्टा ६०,००० मैलांना बदलायचा. तुटलाच तर गाडी जागच्या जागी थांबते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. १९९१च्या मध्यापर्यंतच्या गाडीत मात्र क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड असे आणि तिथे पुली धरून ठेवणारी पाचर झिजत असे. पुढच्या पुलीला चार खाचा दिसल्या तर विचार करायचा. आमच्या गाडीला आठ आहेत. क्लचचा खालचा सिलिंडर गळतो, तो स्वस्तात मिळतो. इंजिनाचं इतकंच.

बाबांचं एक वाक्य मी तीन वेगवेगळ्या दिवशी चित्रित केलंय. "इंजिन कुठूनही आणता येतं. पत्रा आणता येत नाही."

(ट्रेलरवर लाल गाडी. पाऊस.)

ही पाचवी. एमओटी संपलेली, म्हणून ट्रेलरवरून आणली. उजवी बाजू सडलेली आहे, हे विकणाऱ्या बाईंनी फोनवरच सांगितलं. त्यांनी काहीही झाकलं नव्हतं. डांबर नाही, लांबी नाही, भोक दिसत होतं. बाबांना ही गाडी त्या भोकामुळेच आवडली.

(गॅरेज. दार उघडं. दाराखालची पेटी जवळून.)

दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची ही पोकळ पेटी. इंग्रजीत सिल. बाबा हिला उंबरा म्हणतात. आणि खरंच, या गाडीचं घर याच उंबऱ्यावर उभं आहे. साध्या मोटारीला वर टप असतो, खांब असतात, भार वाटला जातो. इथे वर कापड. सगळी मजबुती दोन उंबऱ्यांत आणि दोन सीटमधून जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यात. उंबरा गेला की गाडी मधे वाकते, दारं लागेनाशी होतात.

आता पाणी इथे कसं येतं, ते बाबाच दाखवतात.

(पितळी तांब्या.)

कापडी छप्पर जिथे मागे गाडीला जोडलेलं आहे, तिथे एक पन्हाळी आहे. छपरावरचा पाऊस तिच्यात उतरतो, दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून आत जातो आणि सीटबेल्टच्या मागून नळीनं खाली येऊन मागच्या चाकापुढे बाहेर पडतो. बाबांनी तांब्याभर पाणी ओतलं. खाली बघत राहा.

काहीच आलं नाही.

ते पाणी आत राहिलं, जसं कितीतरी पावसाळी दिवसांत राहिलं असेल. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घेतली, टोक गोल केलं म्हणजे नळी फाटणार नाही, आणि हळूहळू आत सरकवली. हे बाहेर येतंय ते बघा. आधी काळं पाणी, मग चिखल, मग पानं, सुया, झाडांचं बी. कुणाच्या तरी अंगणातल्या झाडाखाली गाडी वर्षानुवर्षं उभी होती. दोन मिनिटांचं काम, वर्षातून दोनदा करायचं. ते कुणी केलं नाही म्हणून हा सगळा पत्रा गेला.

आता दुसऱ्यांदा तांब्या ओतला. आलं.

(रात्र. खिडकीतून मीठ टाकणारी लॉरी.)

बाहेरूनही मारा आहेच. थंडीत बर्फ धरू नये म्हणून इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात. चेशरमध्ये विन्सफर्डला मिठाची खाण आहे, १८४४ पासूनची. तिथलं तांबूस मीठ. रत्नागिरीत ते वाऱ्यातून यायचं, इथे लॉरीतून येतं.

(ग्राइंडर. ठिणग्या.)

सीट काढल्या, गालिचा काढला, बॅटरीची वायर सोडवली. या गाडीची बॅटरी डिकीत असते. तिथे साधी बॅटरी वाफेची नळी न जोडता बसवली की डिकीचा पत्राही खाल्ला जातो. आमची डिकी सुदैवानं बरी निघाली.

कापण्याआधी बाबांनी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी टाकली. उंबरा कापल्यावर गाडी खचू नये म्हणून. दाराच्या फटी मोजून भिंतीवर खडूनं लिहिल्या. हे आकडे पुढे तीन आठवडे भिंतीवर होते, आणि प्रत्येक कापानंतर बाबा उठून पुन्हा मोजत.

बाहेरचा पत्रा काढल्यावर आतला दिसला. आतला काढल्यावर त्याच्याही आतला. बाबा प्रत्येक थराला बोटानं दाबत गेले. जिथे पत्रा दबला नाही, वाजला, तिथे थांबले. "इथून चांगला." त्या रेषेवर खूण केली. तिथपासून नवा पत्रा.

नवा उंबरा तयार मिळतो, पण तो बसवायला लागतो. कानस, पुन्हा कानस, पुन्हा लावून बघ. मग मिग वेल्डर. एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पुन्हा मागे. सलग ओढत गेलं तर पातळ पत्रा तापून पिळवटतो. टाके एकमेकांना मिळेपर्यंत हेच. एमओटीच्या नियमात ठिगळ सगळीकडून सलग जोडलेलं लागतं, तुटक टाके चालत नाहीत. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे धरलेलं असतं त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत गंज असेल तर विशेष कडक बघतात. आमचं भोक बरोबर तिथेच होतं.

नंतर जस्ताचा प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि रंग वाळल्यावर पोकळीत मेण. लांब नळीनं आत फवारलं. बाबा खालच्या भोकांशी कान लावून बसले होते. मेण थेंब थेंब बाहेर यायला लागलं तेव्हा उठले.

पत्रा, वायर, गॅस, रंग मिळून खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला, आईचं रत्नागिरीला जाणं वर्षभर पुढे गेलं, आणि मी राहते त्या लंडनमध्ये ही गाडी आणायची तर जुन्या गाडीच्या धुरापायी दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात.

(तपासणी केंद्र. गाडी लिफ्टवर. खाली तपासनीस.)

हातात छोटी हातोडी. उंबऱ्यावर ठक, ठक, ठक. बाबा पिवळ्या रेषेच्या मागे उभे आहेत, पुढे जायची परवानगी नाही. आवाज बघा कसा येतो. पुढपासून मागपर्यंत एकसारखा. तपासनीसानं मागच्या टोकाशी टॉर्च धरला, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि काहीतरी विचारलं. बाबांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

उजवी बाजू पास. डावीला 'लक्ष ठेवा' असा शेरा.

(रस्ता. वॉरिकशायर. उघडं छप्पर.)

छप्पर उघडायच्या आधी मागची प्लास्टिकची खिडकी चेन काढून सपाट पाडायची, नाहीतर तिला घडी पडते आणि काही हिवाळ्यांत ती तडकते. बाबा हे आईला शिकवताहेत.

इथून पुढे इंजिनाचा आवाज राहू दे.

(दीड मिनिट. निवेदन नाही.)

(गॅरेज. संध्याकाळ. छपरावर पावसाचं पाणी.)

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. गाडी आत घेतल्यावर बाबांनी अंगातलं जॅकेटही काढलं नाही. उजव्या सीटमागचा गालिचा उचलला, कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरला. कोरडा.

मग खडू घेऊन डावीकडे गेले, खाली बसले, आणि मागच्या चाकापुढे एक गोल काढला.