कूलरनं अडवलेली वाट

(दृश्य : मार्चअखेर. मनीषनगरातली एक गल्ली. जिन्याखालून कूलर ओढत बाहेर काढतायत.)

मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी हे दृश्य दिसतं. कूलरमधला जुना वाळा काढून नवा भरतात, टाकीला आतून रंग मारतात, आणि चौघं मिळून ते पत्र्याचं धूड खिडकीत बसवतात. या घरातही तसंच झालं. त्याच रात्री हॉलमधल्या अलार्मच्या पॅनलवर पिवळा दिवा लागला. मागच्या अंगणात सामानाची एक खोली आहे, तिच्या दाराच्या सेन्सरचा पॅनलशी संपर्क तुटला होता.

थंडीभर तो सेन्सर बिनतक्रार चालला होता. काकूंनी सेल बदलून पाहिला, तरी दिवा तसाच. शेवटी अलार्म बसवणाऱ्या दादांना फोन गेला. "दादा, काहून बंद पडून राहिला हा? घेतल्याला वर्षही नाही झालं!"

(दृश्य : तळहातावर उघडलेला सेन्सर.)

हा सेन्सर म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. चौकटीवर डबा, दाराच्या फळीवर लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक लांब जातं, आतला रीड स्विच सुटतो आणि पॅनलकडे क्षणभराचा एक बिनतारी निरोप जातो. दार बंद असतानाही ठरावीक वेळानं तो 'मी इथं आहे' एवढं कळवत असतो. असे काही निरोप लागोपाठ पोचले नाहीत, की पॅनल पिवळा दिवा लावतं.

एका छोट्या सेलवर वर्ष-दोन वर्षं काढायची असल्यानं या डब्याची ताकद अगदी बेताची ठेवलेली असते. बहुतेक सेन्सर 10 ते 25 मिलिवॅटवर बोलतात. घरातल्या 9 वॉटच्या एलईडी बल्बशी तुलना केली, तर 10 मिलिवॅट म्हणजे त्याचा जवळपास नऊशेवा भाग. खोक्यावर छापलेले 300 मीटर खोटे नसतात, पण ते मोकळ्या जागेतले असतात. कस्तुरचंद पार्कच्या मैदानात, मध्ये काहीच नसताना, तेवढी रेंज मिळेलही. घरात विटांच्या भिंती असतात, स्लॅबमध्ये सळ्या असतात, लोखंडी कपाटं असतात. आणि नागपूरच्या घरात कूलर असतो.

(दृश्य : दादा हॉलमध्ये उभे राहून मागच्या खोलीच्या दिशेनं हात सरळ धरतात.)

दादांनी आल्याआल्या स्क्रू ड्रायव्हर काढला नाही. पॅनलपाशी उभं राहून त्यांनी सेन्सरच्या दिशेनं हात धरला, आणि त्या रेषेवर काय काय येतं ते मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. आधी नऊ इंची भिंत. तीही तिरकी लागते. भिंतीशी 30 अंशांचा कोन करून सेन्सरची रेडिओ लहर आत शिरली, तर सरळ रेषेच्या हिशेबानं तिला नऊच्या जागी अठरा इंच वीट ओलांडावी लागते. मग बेडरूममधलं लोखंडी कपाट. त्याच्यापुढे मागची खिडकी.

थंडीत लहर कपाटाला वळसा घालून याच खिडकीतून बाहेर पडत होती. लाकडी चौकट आणि काच तिला फारशी अडवत नाहीत. आता त्याच खिडकीत जस्ताच्या पत्र्याचा कूलर बसला होता, तळाशी भरलेली टाकी. पत्रा लहर परतवतो, पाणी ती शोषतं. वाट होती तिथंच बूच बसलं. सेन्सर कालही ठीक होता, आजही ठीक होता. सेल बदलून काही होणार नव्हतंच.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मे महिन्यात शाळांना सुट्या लागतात, लग्नं असतात, माणसं गावी जातात आणि घरांना कुलपं लागतात. अलार्मवर सगळी भिस्त असते ते हेच दिवस, आणि कूलर खिडकीत बसलेला असतो तेही हेच. म्हणून सेन्सरची चाचणी हिवाळ्यात एकदा झाली तरी एप्रिलमध्ये पुन्हा करायलाच हवी, कूलर जागेवर आणि टाकी भरलेली असताना.

(दृश्य : पॅनलचं झाकण उघडतं. आत वेटोळं करून कोंबलेली तार.)

झाकण उघडलं आणि आम्ही सगळेच पुढे वाकलो. अँटेनाची तार वेटोळं करून सर्किटच्या मागे दडपलेली होती. हा सेट 433 मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या लहरीची लांबी साधारण 69 सेंटिमीटर, आणि तारेला तिचा चौथा हिस्सा लागतो, म्हणजे 17 सेंटिमीटरच्या थोडं वर. तेवढी तार सरळ, उभी आणि मोकळी असली पाहिजे. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टाही विनापरवाना मोकळा आहे. त्या सेटची तार याच्या निम्मी, साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. पण ऑनलाइन स्वस्तात दिसतो म्हणून अमेरिकेसाठी बनवलेला 915 चा सेट मागवू नका. 900 च्या आसपास इथं मोबाईल चालतात.

दुसरी चूक जागेची. प्लग तिथं होता म्हणून पॅनल इन्व्हर्टरच्या वर आणि वीज-वाटपाच्या लोखंडी पेटीला खेटून लावलं होतं. इन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, पण पॅनलला त्या गोंगाटातून सेन्सरचा क्षीण आवाज वेचून काढावा लागतो. दादांनी पॅनल तिथून काढून पॅसेजमध्ये डोक्याच्या वरच्या उंचीवर लावलं, तार सरळ केली.

मागच्या खोलीचं दार लोखंडी पत्र्याचं, चौकटही तसलीच, आणि डबा थेट चौकटीच्या पत्र्यावर दुहेरी टेपनं चिकटवलेला. धातूला खेटलेली अँटेना नीट काम करत नाही. डबा शेजारच्या गिलाव्यावर आला. चुंबक दारावरच राहिलं, पण त्याच्याखाली बोटभर जाडीचा लाकडाचा तुकडा गेला, कारण लोखंड चुंबकाचा जोरही खाऊन टाकतं.

(दृश्य : पॅनलच्या पडद्यावर सिग्नलच्या काड्या. मागून नळाचा आवाज.)

कूलरची टाकी रिकामी असताना दोन काड्या आल्या. काकूंनी पाइप सोडून टाकी भरली. एक काडी गेली. कोणीच काही बोललं नाही.

मग रिपीटर आला, म्हणजे सेन्सरचा निरोप ऐकून पुढे पॅनलपर्यंत पोचवणारा डबा. तो कुठं लावायचा, यातच बरेच जण फसतात. सिग्नल मेलेल्या ठिकाणी त्याला बसवून उपयोग नाही, कारण तिथं त्याच्याही कानावर काही पडत नाही. सिग्नल अजून दमदार असतो अशी मधली जागा त्याला लागते. स्वयंपाकघरात फ्रिजपासून लांब, मागच्या झरोक्याजवळ तीन काड्या मिळत होत्या. तिथल्या प्लगला तो लागला आणि मागच्या खोलीचा निरोप टाकी भरलेली असतानाही येऊ लागला. रिपीटर बॅटरी बॅकअपवालाच घेतला, कारण उन्हाळ्यात वीज जाते. अंगण याहून लांब असतं तर दादांनी सरळ दोन तारांची वायर ओढली असती, आणि मीही तेच सुचवलं असतं.

(दृश्य : मे महिन्यातली पहाट. दारात बॅगा. काकू एकेक बटण बंद करत येतायत.)

गावी जाताना घरातली सगळी बटणं बंद करायची, ही काकूंची जुनी सवय. पंखा, टीव्ही, मिक्सर. स्वयंपाकघरातल्या त्या प्लगपाशी त्यांचा हात थांबतो. बटणावर लाल टेप आहे, आणि त्यावर दादांच्या अक्षरात लिहिलंय, 'काकू, हे चालू राहू द्या जी.'

त्या हात मागे घेतात. बाहेर कुलूप लागतं. पॅसेजमधल्या पॅनलवर हिरवा दिवा आहे.