पैसा कुठून निघतो आणि पाड्यापर्यंत कसा पोचतो

(दृश्य : सातपुड्याचा घाट, कच्चा रस्ता)

नमस्कार मंडळी. हा धडगाव तालुका आहे, नंदुरबार जिल्हा. आपली गाडी इथपर्यंतच येते, पुढचा पाडा पायी. सोबत अंगणवाडीच्या ताई आहेत, त्यांच्या पिशवीत वजनकाटा, रजिस्टर आणि एक रंगीत पट्टी. ही पट्टी नीट बघा, कारण आजचा सगळा विषय हिच्याभोवतीच आहे.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, ही पट्टी गुंडाळायची. साडेबारा सेंटीमीटरच्या वर आलं की हिरवा रंग, पोरगं बरं आहे. 11.5 ते 12.5 म्हणजे पिवळा, त्याला मॅम म्हणतात, म्हणजे मध्यम कुपोषण. आणि 11.5 च्या खाली लाल, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. साडेअकरा सेंटीमीटर म्हणजे किती ते स्वतःच्या मनगटाला दोरा लावून बघा एकदा, बहुतेक मोठ्या माणसाचं मनगट त्याहून जाड निघतं, आणि इथे आपण लेकराच्या अख्ख्या दंडाबद्दल बोलतोय.

हीच मापं येमेनमध्ये, हीच दक्षिण सुदानमध्ये, हीच इथे. पट्टी काही महाग नाही हो, खर्च आहे तो ती पट्टी घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाचा, त्याच्या पगाराचा, पेट्रोलचा, फोनच्या रिचार्जचा. आणि नेमका हाच खर्च दान देणाऱ्याला नको असतो. "माझा पैसा डायरेक्ट मुलाला गेला पाहिजे, पगारात नको," असं आपल्याकडे जळगाव-धुळ्यातली चांगली चांगली माणसं म्हणतात, मनापासून म्हणतात, पण भाऊ, मुलापर्यंत जाणारं ते "डायरेक्ट" म्हणजे ही ताईच आहे ना.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो)

आता जरा मागे जाऊ. 1919, लंडन. पहिलं महायुद्ध संपलेलं, पण नाकेबंदीमुळे जर्मनी-ऑस्ट्रियात पोरं उपाशी मरत होती. एग्लंटाइन जेब नावाच्या बाईंनी उपाशी बाळाचा फोटो छापलेली पत्रकं ट्रफाल्गर चौकात वाटली, म्हणून त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. असं सांगतात की त्यांच्याविरुद्ध केस लढवणाऱ्या सरकारी वकिलानेच नंतर खिशातून पाच पौंड काढून दिले आणि तीच पहिली देणगी ठरली. सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था तिथून उभी राहिली. मला यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं, तर ती पोरं शत्रूच्या देशातली होती. कालपर्यंत ज्यांच्याशी लढाई त्यांच्याच लेकरांसाठी भर चौकात हात पसरायचा, याला काळीज लागतं.

मग 11 डिसेंबर 1946 ला युनिसेफ आली, तीही युद्धातल्या पोरांसाठीच. लोकांना वाटतं हिला युनोचा ठरलेला पैसा येतो. तसं नाहीये, युनिसेफ पूर्ण स्वेच्छेच्या देणग्यांवर चालते, सरकारं देतात, कंपन्या देतात, साधी माणसंही देतात. म्हणजे देणाऱ्याने हात आखडला की थेट पाकीट कमी होतं. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा जगभरात हेच झालं, कितीतरी ठिकाणचं पोरांचं काम अर्ध्यावर थांबलं.

पाकीट म्हणजे कोणतं ते पण सांगतो. 1996 च्या सुमाराला फ्रान्समध्ये एक पेस्ट तयार झाली, शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर आणि वरून व्हिटॅमिन-मिनरल. 92 ग्रॅमच्या एका पाकिटात 500 कॅलरी. शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही, फ्रीज नको, आईने कोपरा फाडायचा आणि लेकराने चोखायचं. त्याआधी सॅमचं पोर म्हणजे दवाखान्यात भरतीच, आणि आई तिथे अडकली की घरची बाकीची पोरं वाऱ्यावर. आता ज्याला भूक लागते, दुसरा आजार नाही, ते पोर घरीच सहा-आठ आठवड्यांत सावरू शकतं. आपल्या देशात यावर वाद झाला, पाकीट द्यावं की ताजं शिजवलेलं, आणि तो वाद चुकीचा नाही, शेंगदाण्याचा मुलूख आहे आपला, इथे ताजं का नाही मिळणार. पण पाकीट असो की ताजी खिचडी-अंडं, सहा-आठ आठवडे दर आठवड्याला वजन करायला कोणीतरी जायलाच लागतं.

आणि खान्देशात इथेच घोडं अडतं. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात, घरंच्या घरं गुजरातकडे ऊसतोडीला. रजिस्टरमध्ये लाल शेरा असलेलं पोर आईच्या कडेवर बसून गेलं, उपचार तिसऱ्या आठवड्यात तुटला, आणि होळीला, ते काठी गावची राजवाडी होळी वगैरे, तेव्हा माणसं परत येतात आणि मग ताई पुन्हा पट्टी लावते. मधल्या काळात त्या पोराला फडावर जाऊन शोधायचं, तिथल्या अंगणवाडीशी जोडून द्यायचं, या कामाला कोणत्या देणगीदाराच्या फॉर्ममध्ये कॉलम आहे? फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नाही.

छोट्या संस्था हे काम करतात. पण परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, 2020 ला झालेल्या बदलानंतर मोठी संस्था परदेशातून आलेला पैसा गावातल्या छोट्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. हिशोब पाहिजेच, त्याबद्दल दुमत नाही. पण डोंगरातल्या संस्थेची तर त्यात चाकंच काढली गेली असं मला स्पष्ट वाटतं.

(दृश्य : अमळनेर स्टेशन)

परदेशाकडे तरी किती बघायचं. हे अमळनेर. 1945 मध्ये इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. अझीम प्रेमजींनी 2019 पर्यंत विप्रोच्या 67 टक्के शेअर्सचं उत्पन्न आपल्या फाउंडेशनला देऊन टाकलं. 2024 मध्ये त्याच फाउंडेशनने कर्नाटकातल्या शाळांमध्ये आठवड्यातले चार दिवस पोरांना अंडं मिळावं म्हणून तीन वर्षांसाठी 1,500 कोटींच्या वर कबूल केले. रक्कम मोठी आहेच, पण बघण्यासारखं ते "तीन वर्षांसाठी". शाळेला माहीत होतं, पुढच्या जूनमध्येही अंडं येणार.

तुम्ही-आम्ही करोड देणार नाही, दोनशे-पाचशेच देऊ. तर मग दिवाळीला एकदम पाच हजार देण्यापेक्षा महिन्याला थोडे लावा, कारण ताईचा पगार महिन्याला असतो. एका पोराच्या फोटोसाठी देण्यापेक्षा फॉर्मवर "जिथे गरज असेल तिथे" याच्यावर टिक करा. आयकरात सवलत मिळते ती 80जी ची पावती मागा, वार्षिक ऑडिट मागा, लाजू नका. आणि एक प्रश्न नक्की विचारा : उपचार चालू असताना ऊसतोडीला गेलेल्या पोराचं तुम्ही काय करता? ज्या संस्थेकडे त्याचं उत्तर आहे, नाव-गाव-फोन नंबरासकट, तिथे पैसे द्या.