माझं काही नाही हो, पण…

(बडोद्यातल्या मराठी मंडळींसमोर वाचनालयात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

रविवारची दुपार आणि त्यात पाऊस. तरी दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून, पार मांजलपुरातून तुम्ही आलात, त्याबद्दल मनापासून आभार. निरोप छोटाच आहे. वंशद्वेष म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी आणि आपल्या आपल्या वस्तीतून तो हटवण्यासाठी या हिवाळ्यात आपण कार्यशाळा घेणार आहोत. त्या कशा असाव्यात, याचे प्रस्ताव तुमच्याकडून हवे आहेत. पण प्रस्ताव नेमका कशावर लिहायचा, हे सांगायचं तर मला माझ्याच दारापासून सुरुवात करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. मालक पुण्याला असतात, किल्ली माझ्याकडे. एका दुपारी दलाल एका मुलाला घेऊन आला. मुलगा टांझानियाचा, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं बूट दाराबाहेर काढले आणि भिंतीला लावून ठेवले. हातात प्लास्टिकची पारदर्शक फाईल. तिच्यात पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसा, कॉलेजचं पत्र. परदेशी भाडेकरूसाठी घरमालकाला तेव्हा सी-फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची सरकारला द्यायची माहिती, भरावा लागे, त्याबद्दलचा कागदही त्यानंच छापून आणली होती, मालकाला त्रास नको म्हणून. हे त्यानं पाहिलेलं नववं घर होतं. मी पाणी दिलं, घर दाखवलं. स्वयंपाकघरातला नळ सोडून बघत त्यानं गुजरातीत विचारलं, "मासी, पाणी केटला वागे आवे छे?" मावशी, पाणी किती वाजता येतं?

मी म्हणाले, "कमिटीला विचारून कळवते."

कमिटीत आम्ही पाच जण आणि चिटणीस मीच. बैठकीत एक जण म्हणाले, "माझं काही नाही हो, पण बाकीच्यांना चालायचं नाही." एक बाई म्हणाल्या, "माझंही काही नाही, पण संध्याकाळी मुली खाली खेळतात." तिसऱ्यांचं म्हणणं, मालकांना आवडणार नाही. मालकांना कुणी फोनच केला नाही. मीही नाही. इतिवृत्तात मी माझ्या हातानं लिहिलं, 'विषय पुढील बैठकीत घ्यावा.' तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'मासी, काही कळलं का?' मी उत्तर दिलं नाही. पंधरवड्यात त्या घरात बँकेत नोकरी करणारं एक जोडपं राहायला आलं. त्यांच्याकडे आम्ही कसलेच कागद मागितले नव्हते.

आपल्या गावात हे सगळं एकदा घडून गेलेलं आहे, आणि तेही साध्यासुध्या माणसाच्या बाबतीत नव्हे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार नोकरी करायला १९१७ साली बडोद्यात आले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात खोटं नाव सांगून, दिवसाला दीड रुपया भाडं देऊन राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती पुन्हा काढून वाचा, आणि त्यातल्या दोन मित्रांची उत्तरं नीट बघा. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. दोघांपैकी कुणीही 'मला तुम्ही नको' असं म्हटलं नाही. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीला चार-पाच तास होते. ते त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. आपण आज तिथं भेळ खातो, नातवंडांना प्राणी दाखवतो.

मंडळी, नोकर, बायको, कमिटी, मालक. शंभर वर्षांनंतरही नकार देणारा तिसराच कुणीतरी असतो. आपल्या कार्यशाळांनी 'माझं काही नाही हो' च्या पुढच्या त्या 'पण'वर काम करावं, एवढंच माझं मागणं आहे.

कुणी म्हणेल, ती जात होती, हा वंश आहे, दोन्ही एकात कशाला कालवता? प्रश्न रास्त आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच ठासून सांगितलं. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले नाकांची रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता. बाबासाहेबांनी १९४८ साली नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेऊन उलटा हिशोब मांडला, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. आणि हेच बाबासाहेब १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहितात, तुमच्या लोकांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीत खूप साम्य आहे म्हणून. त्याआधी १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुढे १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतलं, तेही तिकडच्या ब्लॅक पँथर्सवरून. म्हणजे आपल्या भाषेतल्या माणसांना हे नातं दीडशे वर्षं ठाऊक आहे. दोन रोग वेगळे, पण दारात उभ्या माणसाला दोन्हींचा अनुभव सारखाच येतो.

इरावतीबाईंची एक गोष्ट मला इथं सांगायलाच हवी. इरावती कर्वे आपल्याला 'युगान्त'मुळे माहीत. त्याच्या कितीतरी आधी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, त्या बर्लिनला पीएच.डी. करत होत्या. त्यांचा मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशशास्त्राला आधार देणारा माणूस. गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते आणि त्यात त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचं मूळ आहे, असा त्याचा सिद्धान्त. तो पक्का करण्याचं काम या मराठी मुलीकडे आलं. कवट्या समोर, मोजपट्टी हातात, गुरू डोक्यावर. तिनं मोजलं आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, एकटीनं, गुरूच्या तोंडावर. मी त्या बैठकीत स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत, माझ्या बरोबरीच्या चार माणसांसमोर बसले होते. मला एक फोन करवला नाही.

विज्ञानाबद्दल फार बोलत नाही. माणसामाणसांतल्या आनुवंशिक फरकाचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका समूहाच्या आतच सापडतो, हे १९७२ सालीच दाखवून झालं आहे. कातडीचा रंग हा पूर्वज किती उन्हात राहिले याचा हिशोब. हे आपल्याला पटतं, शाळेतली मुलंही सांगतील. तरी घरात बाळ जन्मलं की पहिला प्रश्न, कुणासारखं दिसतं, आणि दुसरा, रंग कुणाचा घेतलाय? स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी', 'निमगोरी', 'गहूवर्णी'. दिवस गेलेल्या मुलीला केशराचं दूध. आणि ऊन लागून रापलेल्या पोराला आजी लाडानं म्हणते, हबशी झालास की रे. हबशी म्हणजे हबशाणातला, ॲबिसिनियातला, आजच्या इथिओपियाकडचा माणूस. आजचं छत्रपती संभाजीनगर ज्या खडकीवर उभं आहे ती वसवणारा मलिक अंबर हबशीच होता. आपण त्या शब्दाची शिवी करून टाकली. मीही माझ्या भाच्याला हा शब्द वापरला आहे. मायेनं वापरला, आणि म्हणूनच तो त्याच्या डोक्यात पक्का बसला असणार.

तुम्हाला वाटेल, आफ्रिकी माणसं इथं चार-पाच वर्षांपुरती येतात. नाही मंडळी. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरला मुळात आफ्रिकेतून आलेले सिद्दी राहतात, बाबा गोर यांच्या दर्ग्याच्या आसऱ्यानं. कित्येक शतकं इथले. घरात गुजराती बोलतात. त्यांना अजून विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" तीनशे वर्षांपूर्वी, दोनशे वर्षांपूर्वी आलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना बडोद्यात हा प्रश्न कितीदा ऐकावा लागला? आणि ईशान्येकडची मुलं? २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत केसांवरून चेष्टा झाली, त्यातून मारहाण झाली आणि अरुणाचलचा एक विद्यार्थी जिवानिशी गेला. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली गेली, तिनं कायद्यात बदल सुचवले. वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर तर भारतानं १९६८ सालीच शिक्कामोर्तब केलं आहे. त्या कराराच्या पहिल्या कलमात वंश आणि वर्णाबरोबर 'जन्मकूळ'ही आहे. कागद आपल्याकडे कमी नाहीत.

आता प्रस्तावांविषयी. दोन पानं पुरेत, मराठी, गुजराती, हिंदी काहीही चालेल. लिहिणारा शिक्षकच हवा असं नाही. दलाल, मेसवाल्या मावशी, रिक्षावाले, दवाखान्यातल्या नर्स, कॉलेजातली मुलं यांचे प्रस्ताव मला जास्त हवे आहेत. मात्र जागा आणि माणसं नेमकी लिहा. 'समाजात जागृती करणे' असं लिहिलंत तर मी परत पाठवीन. अमुक गल्लीतल्या तीन सोसायट्यांचे चिटणीस, असं लिहा. कार्यशाळा संपल्यावर सोमवारी काय बदलेल ते लिहा: भाड्याच्या नियमातली एखादी ओळ, शाळेच्या गॅदरिंगमधलं राक्षसाचं काळं तोंड, वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्ममधला 'वर्ण' हा रकाना. हा रकाना तर एका बैठकीत खोडता येईल.

आणखी एक कळकळीची विनंती. ज्यांना सोसावं लागतं त्यांना नुसतं रडकथा सांगायला बोलावू नका. सिद्दी मंडळींना 'धमाल' हा त्यांचा नाच करायला बोलावून कार्यशाळा झाली असंही म्हणू नका. आखणीत त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या, त्यांच्या वेळेचं मानधन हिशोबात धरा, आणि ते नको म्हणाले तर तो नकार मुकाट्यानं घ्या. बोलायचं काम आपलं आहे, घरं आपल्याकडे आहेत.

प्रस्ताव दिवाळीच्या आधी वाचनालयात आणून द्या, टेबलावर वही ठेवली आहे. पहिला प्रस्ताव माझाच आहे. आमच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांचे पदाधिकारी आणि दलाल, रविवार सकाळ, तीन तास. परदेशी भाडेकरूसाठी लागणारा फॉर्म सगळ्यांनी हातानं भरून बघायचा. मग प्रत्येकानं आपल्या सोसायटीची इतिवृत्ताची वही उघडायची आणि 'विषय पुढील बैठकीत घ्यावा' हे कुठं कुठं लिहिलंय ते शोधायचं. आमची वही मी आणणार आहे, त्या पानावर खूण घालून.

त्या मुलाचा नंबर माझ्याकडे अजून आहे. गेल्या आठवड्यात मी त्याला लिहिलं. आधी माफी मागितली, मग या कामाबद्दल सांगितलं, उत्तर द्यायलाच हवं असं नाही हेही लिहिलं. त्यानं ते वाचलेलं दिसतंय. उत्तर अजून आलेलं नाही.