गाडी लागते तेव्हा

(धरमपेठेतल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलावणं आलं तेव्हा मला सांगितलं होतं, वकीलसाहेब, कायद्याचं बोला. बोलतो. पण आधी माझ्या गाडीचं.

१९९६ साली मी सेकंडहँड मारुती ८०० घेतली, एसीवाली. सासुरवाडी अमरावतीची, त्यामुळे दर उन्हाळ्यात नागपूर-अमरावती ठरलेलं. मे महिन्यातलं आपलं ऊन तुम्हाला काय सांगायचं! काचा वर, एसी सुरू, स्टिअरिंगवर मी आणि बोटांत सिगारेट. मागे आमची मुलगी, चार-पाच वर्षांची. कोंढाळी आली की ती ओकायची. दरवेळी. आम्ही म्हणायचो, हिला गाडी लागते. आवळासुपारी दिली, लिंबू हुंगायला दिलं, सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली. सिगारेटचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक यायचं म्हणून मी स्वतः काचा पुसल्या. बाहेरून चकचकीत झाल्या. आतून ओला फडका फिरवला, तर तो पिवळट तपकिरी, चहा गाळल्यासारखा. वाटलं, माझ्या बाजूची काच आहे, असणारच. म्हणून मागची पुसली, मुलीच्या बाजूची. तोच रंग.

सिगारेट सोडली आणि पोरीचं ओकणं थांबलं, असं सांगून मी आत्ता टाळ्या घेऊ शकतो. पण तोवर ती मोठीही झाली होती. तो पुरावा कोर्टात टिकणार नाही. फडक्याचा टिकेल.

आता कायदा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून त्याचे नवे नियम लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. बस, ऑटो, टॅक्सी यात येतात, घरची गाडी येत नाही. म्हणजे बर्डीच्या सिग्नलवर दोन सारख्याच गाड्या शेजारी उभ्या असल्या, तर पिवळ्या पाटीच्या गाडीत सिगारेट पेटवणं गुन्हा, पांढऱ्या पाटीच्या गाडीत नाही.

लोक म्हणतात, गाडी माझी, पेट्रोल माझं, सरकारचं काय जातं? अहो, सरकार त्या गाडीत कधीच येऊन बसलंय. सीटबेल्ट लावला नाही तर पावती. काचांवरची काळी फिल्म सुप्रीम कोर्टानं २०१२ साली काढायला लावली. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं तर चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी बिहारच्या दारूबंदीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक रस्त्यावरची खाजगी गाडी ‘सार्वजनिक जागा’ ठरू शकते असं म्हटलं. तो निकाल त्या कायद्यापुरता, तंबाखूला आपोआप लागू होत नाही. पण पोराला बेल्ट बांध म्हणून सांगणारा कायदा त्याच पोराच्या तोंडावर धूर सोडू नकोस म्हणत नाही, हे मला वकील म्हणूनही विचित्र वाटतं.

दहा बाय दहाची खोली घ्या, उंची दहा फूट. साधारण २८ घनमीटर हवा झाली. छोट्या गाडीत असते तीनेक घनमीटर. म्हणजे खोलीचा जेमतेम दहावा हिस्सा, त्यात चार माणसं. वरून एसीचं ते बटण, गाडीच्या चित्रात बाण आतच वळलेला असतो ना, ते. नागपुरात मार्च ते जून ते दाबलेलंच असतं. तीच हवा फिरून फिरून येते. काच चार बोटं खाली केली की धूर कमी होतो, जात नाही. आणि लहान मूल मिनिटाला आपल्यापेक्षा जास्त वेळा श्वास घेतं.

इथे एक सावधगिरी. २०११ साली ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेनं सगळ्याच खाजगी गाड्यांत बंदी मागितली. मागताना म्हणाले, गाडीतला धूर धुरकट बारपेक्षा २३ पट विषारी. मग आकडा तपासला गेला आणि त्यांनाच तो ११ वर आणावा लागला. ११ पुरेसा नव्हता का? फुगवलेल्या आकड्यानं आपलीच बाजू लंगडी होते.

शेवटी इंग्लंडनं सरसकट बंदी केलीच नाही. १ ऑक्टोबर २०१५ पासून, गाडीत अठराखालचं कुणी असेल तर ओढायचं नाही, दंड ५० पौंड. छत पूर्ण उघडलेली गाडी सोडली आहे. स्कॉटलंडनं पुढच्या वर्षी तेच केलं, दंड १०० पौंड. पावत्या फार फाटल्या नाहीत म्हणून तिथे टीका झाली. पण सीटबेल्टची सवय तरी आपल्याला फक्त पावत्यांनी लागली का? थोडी पावत्यांनी, थोडी बायकोनं.

माझं मत तिथेच येऊन थांबतं. एकटा माणूस वर्धा रोडनं ओढत चाललाय, त्याची फुफ्फुसं त्याच्यापाशी. मागे मूल असेल तर बंदी हवी, कारण ते उतरू शकत नाही. ‘बाबा, विझवा’ म्हणायचीही आमच्या घरात सोय नव्हती. मग उद्या घरातही याल का, असं विचाराल. तर्क घरापर्यंत जातो, कबूल. पण पोलिसाला गाडीत डोकावता येतं, स्वयंपाकघरात डोकावू नये.

कुणीतरी खर्ऱ्याचं कुजबुजतंय. बरोबर आहे, आपल्या विदर्भाचं खरं दुखणं खर्राच, ती घोटलेली तंबाखू-सुपारी. पण तो खाणाऱ्याच्याच तोंडात राहतो, निदान दार उघडून पिचकारी मारेपर्यंत. त्याचं व्याख्यान वेगळं ठेवा, मी येईन.

हं, मागे उभे आहात ते, विचारा. ... यांचं म्हणणं, ‘मी दुसऱ्याची गाडी चालवतो. मालक मागे बसून ओढतात. मी कुठं उतरू?’

भाऊ, २००८ च्या नियमांत कामाची जागाही येते, आणि तुमची कामाची जागा तीच सीट आहे. हा मुद्दा मी कोर्टात मांडू शकेन. पण तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला चावी मिळेल का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणखी एक. मी सरकारला पाठवायला एक मसुदा केलाय, इथे पिशवीत आहे. इंग्लंडात दुसऱ्याला ओढू देणाऱ्या चालकालाही दंड होतो, ते मी जसंच्या तसं उचललं. लिहिताना डोळ्यांसमोर मीच होतो, माझ्या मारुतीत. तुम्ही नव्हता. मालकानं ओढायची आणि दंड तुम्ही भरायचा, असं होईल ते. पेन आहे का कुणाकडे? ती ओळ आधी खोडतो.