लपेटीदार टंक कुठे वापरावा आणि कुठे थांबवावा

मित्रहो, लग्नपत्रिका, सराफाची पिशवी, मिठाईचे खोके आणि चादरीचे लेबल ही सोलापुरातल्या छपाईची नेहमीची कामे आहेत, आणि या प्रत्येक कामात गिऱ्हाईक ‘जरा वळणदार अक्षर टाका’ असे सांगतेच. माझे म्हणणे इतकेच, की असा टंक (फॉन्ट) नावासाठी असतो, मजकुरासाठी नसतो.

जर्मन अक्षररचनाकार हेरमान त्साफ यांचा ‘त्साफिनो’ हा रोमन लिपीतला टंक १९९८ साली लायनोटाइप या टंक काढणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात एकाच अक्षराची अनेक रूपे दिलेली आहेत, कारण हाताने लिहिणारा माणूस एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा अगदी सारखे काढत नाही. या टंकाच्या लपेटी, म्हणजे अक्षरांच्या लांबवलेल्या वळणदार शेपट्या, वर-खाली इतक्या लांब जातात, की दोन ओळींत भरपूर जागा सोडावी लागते, आणि पत्रिकेत तेवढी जागा फक्त वधूवरांच्या नावांनाच देता येते. मुहूर्त, स्थळ आणि फोन नंबर साध्या, ठसठशीत अक्षरांतच हवेत. आजोबांना चष्मा न शोधता ते वाचता आले पाहिजेत.

रोमन लिपीच्या अशा वळणदार टंकांत एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला जोडून शब्द वाहता ठेवतात. देवनागरीत ते काम शिरोरेषेने आधीच केलेले असते, म्हणून आपल्याकडे डौल येतो तो बोरूच्या तिरक्या कापातून उमटणाऱ्या जाड-बारीक रेषेतून आणि मात्रांच्या झेपेतून. ‘कीर्ती’ हे नाव घ्या: शिरोरेषेच्या वर दोन वेलांट्या आणि एक रफार आहे. तिघांनाही लपेट दिली तर नाव वाचण्याऐवजी उकलावे लागते. शेवटच्या वेलांटीला मोकळे सोडून बाकीच्या दोघांना आवरले की नाव उभे राहते. पहिल्या, म्हणजे ऱ्हस्व वेलांटीची कमान ‘कि’वर लहान पुरते, ‘स्त्रि’वर लांब लागते, म्हणून चांगल्या देवनागरी टंकात तिची वेगवेगळ्या रुंदीची रूपे असतात. टंक विकत घेण्याआधी ‘कि’ आणि ‘स्त्रि’ ही दोन अक्षरे टाइप करून पाहावीत.

साहित्य बदलले की हिशेबही बदलतो. गुळगुळीत कागदावर केसासारखी रेघ टिकते, मात्र सोनेरी फॉइलमध्ये ती तुटू शकते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणताना तर तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि चादरीच्या जाड सुतात बारीक लपेट हरवून जाते. विणायचे नाव जाड, एकाच जाडीच्या वळणांत स्वतंत्रपणे आखून घ्यावे. पत्रिकेतला टंक तिथे चालवू नये.

आपल्या गावात एकाच पत्रिकेवर मराठीशेजारी तेलुगू किंवा कन्नड मजकूर येतो. त्या लिप्यांना आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही आणि त्यांची गोलाई मुळातलीच आहे. त्यांना देवनागरीचा तिरका काप लावणे मला जबरदस्ती वाटते. दोन्हींची जाडी आणि उंची डोळ्यांना सारखी दिसेल एवढे जुळवावे, लपेट ज्या त्या लिपीची राहू द्यावी.