आजी वर गेली, तर खाली का ठेवली?

(संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पाळकसाहेब आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, सलाम.

पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘ख्रिस्ताचं पुनरागमन आणि स्वर्ग : मुलांना कसं शिकवावं’ असा विषय वाचला आणि पोटात गोळा आला. चाळीस वर्षं संडे स्कूल घेते आहे. नोहाचं तारू, दावीद आणि गल्याथ, सिंहांच्या गुहेतला दानीएल, यातलं काहीही झोपेतून उठवून सांगायला लावा, सांगेन. हा विषय मात्र मी कितीतरी वर्षं गाण्यावर भागवला. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार आले की एक गाणं, एक चित्र रंगवायला, खाऊ, आणि चला घरी.

त्यातून मला बाहेर काढलं एका सहा वर्षांच्या मुलानं. आमच्या मंडळीतल्या एक आजी वारल्या, त्यांचा हा नातू. माझ्याच वर्गातला. पेटी खाली सोडली, प्रार्थना झाली, एकेक जण पुढे होऊन मूठमूठ माती टाकू लागला. त्याच्याही हातात कुणीतरी माती दिली. त्यानं मूठ उघडलीच नाही. तशीच घट्ट धरून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “टीचर, आजी वर गेली म्हणालात ना? मग खाली का ठेवली?”

मी म्हटलं, “नंतर सांगते हं बाळा.” माझं ते ‘नंतर’ पंधरा दिवस चाललं.

आपली चूक कुठे होते ते त्याच्या प्रश्नात आहे. दर रविवारी आपण विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतो. त्यात ‘शरीराचे पुनरुत्थान’ असे स्पष्ट शब्द आहेत. आणि घरी मुलांना सांगताना आपण तो भाग गाळतो, सरळ म्हणतो, आजी वर गेली, ढगात आहे, चांदणी झाली. चांदणी तर बायबलात कुठेच नाही! मग मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं की आजीला खड्ड्यात ठेवलं. एक तर आपण खोटं बोललो, नाहीतर आजीला चुकीच्या जागी ठेवलं. त्याला तिसरा अर्थ कुठून सुचणार?

तिसरा अर्थ प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात दिला आहे, आणि तो आपल्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळतो. पेरणी. मी त्या मुलाला परसात नेलं, चार ज्वारीचे दाणे दिले आणि माती उकरायला लावली. दाणे पुरल्यावर विचारलं, “आपण हे टाकून दिले का?” तो म्हणाला, “नाही, पेरले.” मग म्हटलं, आजीला आपण देवाच्या भरवशावर ठेवलं आहे. आजी स्वतः आत्ता प्रभूपाशी आहे, आणि तिचं शरीरही प्रभू विसरलेला नाही. तो येईल तेव्हा तिला उठवील. त्यानं मान हलवली. पटलं असं मी म्हणत नाही, पण रोज पाणी घालायला येऊ लागला.

आता शब्दांविषयी जरा थांबून बोलते, कारण मुलं शब्द जसाच्या तसा घेतात. ‘आजी झोपली’ असं आपण म्हणतो, आणि नव्या करारातही मेलेल्यांना झोपी गेलेले म्हटलं आहे. मोठ्यांसाठी तो दिलासा आहे. चार वर्षांच्या पोराला सांगून बघा, त्या रात्री ते डोळे मिटायला तयार होणार नाही. लहानग्यांना मी ‘वारली’ म्हणूनच सांगते. तिचा श्वास थांबला, आता तिला दुखत नाही, आता ती आपल्याशी बोलू शकत नाही. आधी हे, मग आशा.

‘देवाला आवडली म्हणून नेली’ हे तर आपल्या घराघरातलं वाक्य. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं ते धाकट्या भावाच्या वेळी ऐकलं होतं. शहाण्यासारखी वागणारी पोर एकाएकी दंगा करायला लागली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “चांगलं वागलं की देव नेतो.” काय बोलणार तिच्यापुढे? मित्राच्या कबरेपाशी येशू रडला, हे योहानानं लिहून ठेवलंय. मरणाचं कौतुक करणारा तो नव्हे. हे त्या मुलीला सांगायला मला तीन रविवार लागले.

आणखी एक गंमत आपल्या भाषेत आहे. पुनर्जन्म, पुनरुत्थान, पुनरागमन, तिन्ही ‘पुन’नं सुरू होतात आणि तिन्ही आपल्या मुलांच्या कानावर पडतात. शेजारी श्राद्धाला कावळ्याची वाट बघतात, वर्गातली मैत्रीण म्हणते आमचे आजोबा पुन्हा जन्माला आले. भाद्रपदात सगळी आळी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणत विसर्जनाला निघते, त्यात आपली पोरंही असतात, असूही देत. मग डिसेंबरात आपण सांगतो की येशू लवकर येणार आहे. एका मुलानं मला अगदी निरागसपणे विचारलं होतं, “येशू कोणत्या वर्षी, पुढच्या का?” हसू नका, त्याचा हिशेब बरोबर होता. शेजाऱ्यांच्या श्रद्धेची चेष्टा न करता फरक सांगता येतो. पुनर्जन्म म्हणजे दुसरा देह घेऊन दुसरं आयुष्य. पुनरुत्थान म्हणजे तीच आजी, तेच नाव, तिनंच तुला ओळखायचं. आणि पुनरागमन? बाप्पा दरवर्षी येतात आणि निरोप घेतात. आपण ज्याची वाट पाहतो तो एकदाच येईल आणि पुन्हा निरोप घेणार नाही.

आता भीतीबद्दल. हे मी जरा रागानंच बोलणार आहे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा एका शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की येशू अचानक येईल, चांगल्यांना घेऊन जाईल आणि खोटं बोलणारी मुलं मागे राहतील. त्याच आठवड्यात मी शाळेतून घरी आले तर दार उघडं, चुलीवर दूध उतू जाऊन करपलेलं, आणि घरात चिटपाखरू नाही. आदल्या दिवशी मी पेन्सिलीवरून आईशी खोटं बोलले होते. मी उंबऱ्यावर बसून जे रडले ते आजही आठवतं. आई मागच्या गल्लीत, एक बाई अडली म्हणून धावत गेली होती, एवढंच. पण पुढे कित्येक वर्षं येशू येणार म्हटलं की मला करपलेल्या दुधाचा वास यायचा.

ज्या वचनांवरून हे शिकवतात, ती थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहेत. अध्याय कसा संपतो ते वाचा. ह्या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं पौल म्हणतो. सांत्वन करा! धाक घाला असं नाही. माणसं मेली म्हणून रडणाऱ्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे ते. आणि विश्वासणारे ढगांत उचलले जाऊन प्रभूला ‘सामोरे’ जातील, असं तिथे म्हटलं आहे. त्या ‘सामोरे’साठी जो ग्रीक शब्द आहे, तोच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात वराला सामोऱ्या निघालेल्या कुमारींसाठी आहे. प्रेषितांच्या कृत्यांत रोमचे बंधू पौलाला घ्यायला वाटेवर आले, तिथेही तोच. म्हणजे आपलं सीमांतपूजन. नवरदेव वेशीवर आला की आपण वाजतगाजत जातो, पण वेशीवर मुक्काम करत नाही, त्याला घेऊन गावात येतो. मी ते वचन असं वाचते. वेगळं मानणारे बंधू इथे बसले आहेत, त्यांच्याशी चहाच्या वेळी भांडेन.

येशूच्या येण्याच्या तारखांचं थोडक्यात. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली, कित्येकांनी शेतातलं पीक काढलं नाही, आणि तेविसावा दिवस नेहमीसारखा उजाडला. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर दर ग्रहणाला नवी तारीख येते. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं येशू स्वतः म्हणाला. मुलांसमोर ‘मला माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते ना, तेव्हा हे आठवा.

स्वर्ग कसा असेल हे मी एकदा मुलांना काढायला सांगितलं. पंचवीस कागदांपैकी बहुतेकांवर ढग, पंख, सोन्याची वाट. कॅलेंडरवरचा स्वर्ग. एका मुलीनं मात्र हापसा काढला होता. टँकरवर जगणाऱ्या वस्तीवरची पोर. हापशाला धो धो पाणी आणि रांगेत कुणीच नाही. बाजूला आई, रिकाम्या हातानं उभी. मी विचारलं, आईच्या हातात काहीच कसं नाही? म्हणाली, “घागर नको ना आता.”

मी त्या दिवशी प्रकटीकरणाचा शेवट पुन्हा काढून वाचला. जीवनाच्या पाण्याची नदी आहे तिथे, बाविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात. आणि त्याआधी, एकविसाव्यात, नवी नगरी स्वर्गातून खाली उतरते. खाली! इतकी वर्षं मी वर जाण्याची गाणी शिकवत होते आणि शेवटच्या पानावर नगरी खाली येत होती, देवाची वस्ती माणसांजवळ. प्रभूच्या प्रार्थनेत तरी आपण काय मागतो? ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही.’

यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात नव्या पृथ्वीचं जे चित्र आहे ते ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना वाचून दाखवा. लोक घरं बांधतील आणि स्वतःच त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील आणि स्वतःच फळं खातील. एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं राहायचं, असं होणार नाही. आमच्या वर्गात हे वाचल्यावर एक मुलगा म्हणाला, “म्हणजे मुकादम नाही.” सगळा वर्ग हसला. मी हसले नाही, कारण न्यायाचा दिवस शिकवण्यासाठी याहून चांगली सुरुवात मला आजवर सापडलेली नाही. मोठ्या मुलांना, म्हणजे बारातेरा वर्षांच्या पुढच्यांना, मी न्याय शिकवते तो इथूनच. मग मत्तय पंचवीस. भुकेल्याला खायला दिलं का, परक्याला घरात घेतलं का. तिथे राजा हे विचारतो. पेन्सिलीचं विचारत नाही.

लहान मुलांचे बाकीचे प्रश्न तुम्हाला ठाऊकच आहेत. आमचा मोत्या असेल का? पप्पा दारू पितात, ते येतील का? आजीला चष्मा लागेल का? पहिल्याला मी म्हणते, यशयाच्या त्या चित्रात लांडगा आणि कोकरू आहेत, तर मोत्याचं देवाला सांगून ठेवू. दुसऱ्याला घाईनं उत्तर देऊ नका. त्या मुलाच्या घरी जा. तिसऱ्यासाठी मी लूकचा चोविसावा अध्याय वाचते. उठलेल्या येशूनं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, भूत नव्हे हे पटावं म्हणून. हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, पण दुखणं नव्हतं. हे आवडतं मुलांना. आमचा तो आजीचा नातू लगेच म्हणाला, “आजीला बोंबील चालतील!”

आमच्या मंडळीत ईस्टरला पहाटे दफनभूमीत उपासना असते. अंधारातच जातो, मेणबत्त्या असतात, उजाडेपर्यंत गाणी. तिथल्या जुन्या कबरी जुन्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे पूर्वपश्चिम आहेत, डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे उठणाऱ्याचं तोंड उगवतीकडे होईल. उपासनेआधी मी हे मुलांना दाखवलं होतं. गाणं सुरू झालं, सगळे कबरींभोवती उभे राहिले, आणि हा पोरगा मला दिसेना. बघते तर आईचा हात सोडून तो आजीच्या पायांकडे, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून उभा. मी खुणेनं विचारलं, तिथे काय करतोस?

“उठली की तिला मी समोर दिसायला नको?”